रडणारे पोर कोणाचे?

मंडळी, पोर म्हटले की खोड्या आल्या. आई रागावते, बाप दटावतो. हे सगळ्याच घरी चालते. पण एखाद्या घरी पोराला रोज मार बसतो. अंगावर वळ उठतात, चटके दिसतात. कुठे पोर आजारी पडले तरी कोणी विचारीत नाही. शेजारीपाजारी ऐकतात आणि म्हणतात, "आपल्याला काय करायचंय? त्यांच्या घरचं ते बघतील."

हे बरे नव्हे. १८ वर्षांखालील मुलांसाठी २०१५ साली बाल न्याय कायदा झाला. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच त्याचा छळ केला, किंवा मुद्दाम आबाळ केली, तर त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. गरिबीमुळे घरात कमी पडते, तो गुन्हा नव्हे.

मग आपण काय करावे? १०९८ या नंबरावर फोन करावा. दिवसा करा, रात्री करा. पैसे पडत नाहीत. ही सोय १९९६ साली मुंबईत सुरू झाली. आता ती देशभर आहे.

फोन गेला की माणसे येऊन चौकशी करतात. घरी धोका असेल तर मुलाला तेथून हलवतात. २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे नेतात. प्रवासाचा वेळ यात धरीत नाहीत. समितीत एक अध्यक्ष व चार सभासद असतात. त्यांत निदान एक बाई असतेच. समिती मुलाला बालगृहात ठेवू शकते. तेथे जेवण, अंथरूण-पांघरूण, औषधपाणी व शिक्षण यांची सोय असते. मुलाचे नाव किंवा फोटो वर्तमानपत्रात छापता येत नाही.

कोणी म्हणेल, "मग पोर कायमचं गेलं की!" तसे नाही. मुलाला पुन्हा आपल्या माणसांत सुखरूप पोचवता येईल का, हे समिती आधी पाहते. आजी, मामा, काका सांभाळायला तयार असले तर त्यांचाही विचार होतो.

आम्ही पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. मार खाणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. ती सहसा तक्रार करीत नाहीत. वर्गात गप्प बसतात. शाळा सुटली तरी घरी जायला रेंगाळतात. वळ कशाचा, असे विचारले तर "पडलो" म्हणतात. बापाचे नाव त्यांच्या तोंडून निघत नाही.

म्हणून मोठ्या माणसांनी बोलायला हवे. त्या घरी जाऊन भांडण करू नका. त्याने पोराला मार जास्तच बसेल. अंगणवाडीच्या बाईंना सांगा, गुरुजींना सांगा, नाहीतर सरळ फोन लावा. नंबर भिंतीवर लिहून ठेवा : १०९८.