सहस्रचंद्रदर्शन आणि आजीची पाटी

वयाची एक्याऐंशी वर्षे गाठताना मनुष्याने सुमारे 1000 पौर्णिमा पाहिलेल्या असतात, या गणितावर उभारलेला सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा शहापूर-मुरबाडकडे आजोबांच्या नावाने होत असला, तरी त्यांच्याशेजारी पाटावर बसलेल्या आजीच्या अर्धशतकाहून दीर्घ सहजीवनाचाही तो सत्कारच असतो. भातलावणी, आलागेला, लेकरांची आजारपणे आणि कर्जाची फेड यांचा भार तिने बरोबरीने वाहिलेला असतो. आणि नातवंडांवर संस्कार घडतो तो उपदेशाने नव्हे, तर या दोघांना एकमेकांस सांभाळून घेताना नित्य पाहिल्याने, असे माझे ठाम मत आहे.

परंतु या सहजीवनाची किंमत आजीनेच अधिक मोजली. 1929 च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय 14 ठरविले. ते वाढत वाढत 18 होण्यास 1978 साल उजाडले. मधल्या काळात कोवळ्या वयात संसारात पडलेल्या कितीतरी मुलींना शाळेची पायरी दिसली नाही, आणि सरकारी दप्तरात त्यांची निशाणी अंगठ्यापुरतीच राहिली.

मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे 8 मार्च 2016 रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने सुरू झालेली आजीबाईंची शाळा ही त्या अन्यायाची, उशिरा का होईना, भरपाई होय. साठी उलटलेल्या, क्वचित नव्वदीला टेकलेल्या विद्यार्थिनी गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन तेथे आल्या, मुळाक्षरे गिरवू लागल्या, आणि घरी त्यांचा अभ्यास घेण्यास नातवंडे बसली.

आजी-आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन वा लग्नाचा वाढदिवस करणाऱ्यांनी हारतुऱ्यांबरोबर त्यांच्या आठवणीही त्यांच्या हयातीतच लिहून ठेवाव्यात; आणि आजीस अक्षरओळख नसेल, तर त्याच दिवशी तिच्या हाती पाटी द्यावी.