संगणकातल्या डायरीचे दिवस

१९८४ साली बोरलँड कंपनीचं ‘साइडकिक’ आलं. डॉस या तेव्हाच्या कार्यप्रणालीवर एका वेळी एकच प्रोग्राम चाले. साइडकिक मात्र मेमरीत दबा धरून बसे. पत्र टाइप करता करता ठरावीक बटणं दाबली की टिपणवही, कॅलेंडर, कॅल्क्युलेटर हजर!

पण खरी कमाल केली ती १९८८ च्या ‘लोटस अजेंडा’नं. त्यामागे मिच केपॉर आणि त्यांचे सहकारी होते. ‘पुढच्या मंगळवारी फ्रेडला फोन’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य टाइप केलं की अजेंडा त्यातून तारीख काढी आणि तीच नोंद फ्रेडच्या नावाखाली, फोनच्या यादीत आणि त्या दिवसाखालीही दाखवी. कागदी फाइलला हे जमणारं नव्हतं. मात्र वर्गवारी आधी आपणच बसवायची होती, आणि एवढा खटाटोप कोण करणार? पुढे लोटस कंपनीनंच कागदी डायरीसारखं दिसणारं ‘ऑर्गनायझर’ बाजारात आणलं. ते तुलनेनं बाळबोध, पण खपलं.

मग ऑफिस ९७ बरोबर आउटलुक आलं. ईमेल, पत्ते, भेटीगाठी एकाच ठिकाणी मिळू लागल्यावर वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं कशाला? उरलंसुरलं काम स्मार्टफोननं आणि इंटरनेटवरच्या फुकट कॅलेंडरांनी केलं.

केपॉर यांनी ‘चँडलर’ नावानं पुन्हा अशाच सॉफ्टवेअरचा घाट घातला. अनेक वर्षं रखडून त्याची १.० आवृत्ती २००८ मध्ये निघाली. गूगल कॅलेंडर त्याआधी दोन वर्षं सुरू झालं होतं.