ह्यांचं घोरणं, माझं जागरण

घोरणं म्हणजे गाढ झोप, असं आमच्या सासूबाईंचं ठाम मत. दमून आलेला माणूस घोरणारच, त्यात काय! पुण्यात कात्रजच्या आमच्या दोन खोल्यांत मला त्या आवाजाची सवय झाली होती. भीती वाटायची ती आवाज थांबला की. छाती-पोट हलताना दिसायचं, पण नाकातोंडातून हवा नाही. मग एकदम आचका देऊन श्वास सुटायचा आणि पुन्हा घोरणं सुरू. ह्यांना सकाळी यातलं काही आठवत नसे. "मस्त झोपलो," म्हणायचे आणि चहाचा कप हातात धरूनच पेंगायचे.

या आजाराला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू घटला की मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. तो इतका क्षणभर, की जागं झाल्याचं त्यालाच कळत नाही. श्वास किमान 10 सेकंद अडला तर तो मोजतात. तासाला असे 30 किंवा जास्त झटके म्हणजे आजार तीव्र. रात्रभर ही झटापट चालली की हृदयाला आराम कुठला? गोळ्यांना न जुमानणारं बीपी, ठोक्यांची अनियमितता, पक्षाघाताचा धोका, सगळं यामागून येतं. आम्ही बीपीची गोळी घेत होतो, सकाळच्या डोकेदुखीला बाम चोळत होतो आणि रात्री सारखं लघवीला उठणं वयावर ढकलत होतो.

हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी मुंबईतल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांची पाहणी 2004 साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी 7.5 टक्के लोकांना, दिवसाच्या पेंगेसकट, हा आजार निघाला. बायकांनाही होतो, पाळी गेल्यावर जास्त. फक्त त्यांच्या घोरण्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

ह्यांचा टेम्पो आहे. शिरवळकडून माल घेऊन कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार. तिथल्या अपघातांच्या बातम्यांत ब्रेक फेल आणि न्यूट्रलमध्ये टाकलेली गाडी असते. चालक रात्री कसा झोपला होता, हे कुणी विचारत नाही. ड्रायव्हरच्या वैद्यकीय तपासणीत डोळ्यांइतकीच झोपेची चौकशी व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी डॉक्टरांनी ह्यांच्या झोपेची तपासणी करायला सांगितली. त्या रात्री डोक्याला वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. "ह्या अवतारात झोप लागणार कशी?" म्हणाले. लागली, घोरलेही.

आता सीपॅप मशीन आहे. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली जगापुढे आणलेली ही युक्ती: मास्कमधून हलक्या दाबाची हवा सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. सासूबाई त्याला सोंड म्हणतात. सुरुवातीला हे झोपेत मास्क ओढून काढायचे. मशीन स्वस्त नाही, आणि आजार समूळ घालवतही नाही. लावलं त्या रात्रीपुरतंच काम. सोबत वजन उतरवायचं, रात्रीची दारू बंद, कुशीवर झोपायचं.

संगीतकार बप्पी लाहिरी 15 फेब्रुवारी 2022 ला मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण स्लीप ॲप्निया हेच सांगितलं होतं. तुमच्या घरी घोरता घोरता कुणाचा श्वास अडत असेल, तर रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. झोपलेल्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका.