मोठा मासा कुठे सापडतो? माशाच्या तोंडावरून शिकण्याचा एक पाठ



तुमची शाळा नदीकाठी किंवा धरणाजवळ असेल, तर वर्गात गळ टाकणारी दोन-चार मुलं असतातच. परिसर अभ्यासाच्या वहीत "मासा पाण्यात राहतो" एवढंच लिहिणारं मूल सहज विचारलं तर सांगतं, "गुरुजी, कटल्याला गळ वर ठेवायचा आणि मृगळाला तळाला सोडायचा." हे त्यानं काका-मामांकडून ऐकलेलं असतं, पण त्यामागे पक्कं विज्ञान आहे. आज ते समजून घेऊ या. आणि पावसाळ्यातला सगळ्यात मोठा मासा पाण्यातच का राहू द्यावा, तेही पाहू.

तीन मासे, तीन मजले

आपल्या बाजारात आणि जलाशयांत नेहमी दिसणारे तीन मोठे मासे म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. हे मूळचे उत्तर भारतातल्या नद्यांमधले. त्यांचं बीज आणून आपल्याकडच्या तलावांत, धरणांत आणि आता शेततळ्यांतही सोडलं जातं. तिघे एकाच पाण्यात राहतात, पण एकमेकांच्या ताटात फारसे येत नाहीत. का? तर तिघांची तोंडं वेगळी आहेत.

कटल्याचं डोकं मोठं, तोंड वरच्या बाजूला उघडणारं, खालचा जबडा पुढे आलेला. त्याला मिशा नसतात. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो.

रोहूचं तोंड किंचित खाली वळलेलं, ओठ जाड आणि खालच्या ओठाला झालर. तो मधल्या थरात राहतो आणि दगडा-काड्यांवरचं शेवाळ, कुजकी पानं खरवडून खातो.

मृगळाचं तोंड रुंद आणि खालच्या बाजूला. तो तळाचा मासा. गाळातलं कुजकं अन्न खाणं हे त्याचं काम.

म्हणजे तळमजला मृगळाचा, मधला मजला रोहूचा आणि गच्ची कटल्याची! शेततळ्यात तिन्ही एकत्र सोडतात ते याच कारणाने. तिन्ही थरांतलं अन्न वापरलं जातं, वाया जात नाही.

गळ टाकणारा काय पाहतो?

मोठा मासा धरायचा तर आधी तो कुठे जेवतो हे कळायला हवं. मृगळासाठी गांडूळ किंवा कणकेची गोळी थेट तळाला टेकवतात. रोहूसाठी गळ तळापासून थोडा वर ठेवतात. कटला चावून खाणारा नाही, म्हणून त्याच्यासाठी पेंड आणि कोंडा यांचा असा भुसभुशीत गोळा करतात, की तो पाण्यात हळूहळू विरघळेल. त्या ढगात गळ लपलेला असतो. कटला नेहमीसारखं पाणी ओढतो आणि गळ तोंडात जातो.

वेळही महत्त्वाची. मासा थंड रक्ताचा, म्हणजे पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं तापमान. थंडीत त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते, म्हणून गळ तासन् तास हलत नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो. मग मासे भर दुपारी उथळ पाणी सोडतात आणि सकाळ-संध्याकाळ काठाकडे येतात. जुने मासेमार घड्याळ न बघता हे ओळखतात.

पावसाळ्यातला मोठा मासा

आता मुख्य मुद्दा. पहिले मोठे पाऊस झाले, नदीला गढूळ लोंढा आला, की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. यालाच आपण चढणीचे मासे म्हणतो. गावात नुसती धांदल उडते. पण हे मासे का चढतात? अंडी घालायला. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात एरवी अंडी घालत नाहीत. त्यांना वाहतं पुराचं पाणी आणि काठाची नव्याने बुडालेली उथळ जागा लागते.

मादीच्या दर किलो वजनामागे साधारण एक लाखाच्या वर अंडी असतात. म्हणजे पाच किलोची मादी धरली, की गाभोळीतून पाच लाखांवर अंडी आपल्या कढईत जातात. तीच मादी पंधरा दिवसांनी धरली असती तर अंडी नदीत असती. ही अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, इतकं ते काम झटपट होतं. आपल्याला थांबायचं असतं ते थोडेच दिवस.

तळ्यात अंडी न घालणाऱ्या या माशांचं बीज मग शेततळ्यांना मिळतं कुठून? पूर्वी ते नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्याच पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांना अंडी घालायला लावलं. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो. तळ्याला सुई मिळाली, नदीला मात्र अजून पुराचाच आधार आहे.

वर्गात काय करता येईल?

१. बाजारातून तिन्ही माशांची डोकी आणा किंवा चित्रं काढून घ्या. नाव न सांगता विचारा, "हा कुठल्या मजल्यावर जेवत असेल?"

२. गणित घाला: ४ किलोची मादी, किलोमागे १ लाख अंडी. समजा, हजारात एकच पिल्लू जगलं, तर मोठे मासे किती?

३. ज्यांच्या घरी मासेमारी चालते अशा पालकांना वर्गात बोलवा. जाळं, गळ, माशांची स्थानिक नावं त्यांनीच सांगू देत. त्या दिवशी त्यांचं मूल मान वर करून बसतं, हे नक्की पाहा.

पालकांना एक विनंती. मुलांना एकटं पाण्यावर पाठवू नका. पावसाळ्यात तर नाहीच. धरणातून पाणी सोडलं की खालच्या नदीची पातळी बघता बघता वाढते. बरेचसे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा गळ टाकण्याआधी विचारावं. सुरुंगाची दारू आणि विष यांचं तर नावही नको. त्यात मोठ्यांबरोबर बोटभर पिल्लंही मरतात.

मासे खाऊ नका, असं मुलांना सांगायची गरज नाही. बहुतेकांच्या घरी ते खाल्ले जातात, कित्येकांचं घर त्यावर चालतं. फक्त एवढं शिकवू या, की चढणीचा मासा आधी खाली उतरू द्यावा. पुढच्या वर्षीही गळाला काही लागायला हवं ना?