पोलादी चौकटीचें घराणें

गायनाच्या घराण्यांविषयीं आपल्या घरांतून पुष्कळ बोललें जातें. गुरूची विद्या शिष्याच्या गळ्यांत कशी उतरते, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. परंतु सायकलीसारख्या रोजच्या वाहनाचींहि अशीं घराणीं आहेत, आणि त्यांतील कांहीं या कारखान्यांच्या युगांतहि टिकून आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. तिची थोडी ओळख आज आम्ही करून देत आहों.

सायकलीचा जीव तिच्या चौकटींत असतो. हातानें चौकट करणारा कारागीर प्रथम स्वाराच्या अंगाचें माप घेतो. मग पोलादाच्या पातळ नळ्या कापून, त्यांचीं तोंडें कानशीनें घासून तो त्या एकमेकींस चपखल बसवितो, व सांध्यांत पितळ किंवा चांदीमिश्रित धातु वितळवून त्या झाळतो. खरी परीक्षा येथेंच. आंच कमी पडली तर धातु सांध्याच्या पोटांत शिरत नाहीं. अधिक झाली तर पोलादाचें बळ जातें. योग्य आंच नळीच्या रंगावरून ओळखावी लागते, आणि ती दृष्टि गुरूच्या शेजारीं उभें राहूनच येते.

इटलींत मिलानजवळ उगो दे रोझा (1934–2023) यांनीं असा लौकिक मिळविला कीं, एडी मर्क्ससारखा जगज्जेता स्वार त्यांच्याकडून चौकटी करवून घेई. त्यांचे पुत्र तर या धंद्यांत आलेच. पण विद्या रक्ताच्या नात्यापुरती राहिली नाहीं. योशिआकी नागासावा हा जपानी तरुण त्यांच्या हाताखालीं शिकला व 1976 सालीं मायदेशीं परतून त्यानें ओसाका भागांत आपली कार्यशाळा थाटली. कोइची नाकानो यांनीं 1977 पासून 1986 पर्यंत ओळीनें 10 वेळां वेगाच्या शर्यतीचें जगज्जेतेपद मिळविलें, त्या यशांत नागासावांच्या चौकटींचा वांटा होता. पुढें त्यांचा मुलगाहि याच कामांत उतरला.

जपानांत ही कला तगली, याचें कारण मात्र थोडें अवघड वाटण्याजोगें आहे. 1948 सालीं कोकुरा येथें ‘केइरिन’ नांवाच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांवर लोक पैसे लावतात; युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या शहरांच्या उभारणीस त्या उत्पन्नाचें साह्य व्हावें, हा मूळ हेतु. स्पर्धा समतोल व्हावी म्हणून पुरुषांच्या नेहमीच्या शर्यतींत मान्यताप्राप्त कारागिरांनीं केलेली पोलादी चौकटच चालते. दोन हजारांहून अधिक व्यावसायिक स्वारांची ही गरज कारागिरांच्या भट्ट्या पेटत्या ठेविते. द्यूताची भलावण आम्ही करीत नाहीं. पण त्या नियमानें जें राखलें, तें नाकारतांहि येत नाहीं. 2012 पासून नव्यानें सुरू झालेल्या स्त्रियांच्या शर्यतींत कार्बनच्या चौकटी वापरल्या जातात. उद्यां पुरुषांचाहि नियम बदलला, तर या कारागिरांचें बरेंचसें गिऱ्हाईक एकदम नाहींसें होईल.

तात्पर्य हें कीं, हस्तकौशल्यास शिष्य हवा, तसेंच गिऱ्हाईकहि हवें. कौतुकाच्या शब्दांनीं कारागिराची चूल पेटत नाहीं. आपल्या ओळखीच्या लोहारास, तांबटास किंवा विणकरास आपण शेवटचें काम केव्हां दिलें, हें वाचकांनीं ज्याचें त्यानें आठवून पाहावें.