जुना मोबाइल आणि मोटारीचा स्टार्टर

जाफराबादच्या पूर्णा-केळणा काठच्या शिवारात काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, शेतीपंपाची लाइट अनेकदा रात्रीच येते. मग विंचूकाट्याची भीती अंगावर घेऊन विहिरीवर जायचं. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी यावर मोबाइलने पंप चालवणारं ‘नॅनो गणेश’ हे उपकरण बनवलं. २००९मध्ये नोकियाच्या स्पर्धेत ते गाजलं.

हाच खेळ घरीही जमतो. स्टार्टरजवळ ठेवायला लागतो बटणांचा जुना मोबाइल. त्यात इअरफोनची पिन खोचून ‘ऑटो आन्सर’ लावला की फोन आपोआप उचलला जातो. आपल्या फोनवरून त्याला कॉल करून आपण १ दाबला, की ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे दोन सूर एकदम निघतात. इअरफोनच्या तारेला जोडलेली एमटी ८८७० चिप ते ओळखते, रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, ‘टक्’ करतो आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबल्यासारखं होतं. लाल बटणाला दुसरा आकडा.

खरी गंमत सेन्सरची. विहिरीत सोडलेल्या दोन तारा पाण्यात असेपर्यंत त्यांतून किंचित वीज वाहते. पाणी खाली गेलं की ती तुटते, मोटार बंद. कोरडी चालून जळत नाही. स्टार्टरमध्ये मात्र ४१५ व्होल्ट असतात. ती जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.