दोन ‘अविद्राव्य’ लवणे

पोटाची क्ष-किरण चित्रे घ्यावयाची असली म्हणजे रुग्णाला पुष्कळदा खडूच्या निवळीसारखे पांढरे मिश्रण प्यावयास देतात. ते असते बेरियम सल्फेट. बेरियमची विद्राव्य लवणे तीव्र विषारी होत. मग हे लवण निर्धास्तपणे कसे देतात? कारण एवढेच, की ते लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते आणि जठरातील आम्लालाही दाद देत नाही.

आता दुसरे लवण पाहू. ग्रॅनाइटसारख्या खडकांत फ्लोराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लुओराइड आढळते. अल्पविद्राव्य लवणांची तुलना रसायनशास्त्रज्ञ ‘विद्राव्यता गुणाकारा’ने करतात. संपृक्त द्रावणातील आयनांची प्रमाणे एकमेकांशी गुणली की तो मिळतो. २५ अंश सेल्सिअसला बेरियम सल्फेटचा गुणाकार सुमारे १.१ × १०⁻¹⁰, तर कॅल्शियम फ्लुओराइडचा सुमारे ३.५ × १०⁻¹¹, म्हणजे त्याच्या एक तृतीयांश. तेव्हा फ्लोराइट अधिकच अविद्राव्य, असे कोणीही म्हणेल.

परंतु येथेच फसगत होते. बेरियम सल्फेटपासून दोनच आयन सुटतात. कॅल्शियम फ्लुओराइडपासून एक कॅल्शियमचा व दोन फ्लुओराइडचे, असे तीन सुटतात. म्हणून येथे दोन नव्हे, तीन अपूर्णांक एकमेकांशी गुणावे लागतात, आणि अतिसूक्ष्म अपूर्णांक आणखी एकदा गुणला की गुणाकार अधिकच लहान होतो. हिशेब पुरा केला तर लिटरमागे सुमारे १६ मिलिग्रॅम फ्लोराइट विरघळते व त्यातून जवळजवळ ८ मिलिग्रॅम फ्लुओराइड पाण्यात उतरते. सारख्याच संख्येने आयन देणाऱ्या लवणांचे गुणाकार तेवढे सरळ ताडून पाहावेत; इतरांची प्रत्यक्ष विद्राव्यता काढावी.

हा हिशेब केवळ पुस्तकी नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम फ्लुओराइड असावे. दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लुओराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे व सांधे ताठरतात. १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात या विकाराची आपल्याकडे प्रथम नोंद झाली. ज्या पाण्यात कॅल्शियम मुबलक असते, तेथे फ्लुओराइडला आळा बसतो. कॅल्शियम कमी असलेल्या, चवीला गोड वाटणाऱ्या पाण्यातच ते पुष्कळदा अधिक सापडते.

पाणी उकळून फ्लुओराइड जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात ‘नलगोंडा पद्धत’ सिद्ध केली. तीत तुरटी व चुना योग्य प्रमाणात घालून पाणी ढवळतात. जो साका तळाशी बसतो, तो फ्लुओराइडलाही आपल्याबरोबर नेतो.

फ्लुओराइडला रंग नाही, वास नाही. म्हणून खडकाळ प्रदेशातील विंधनविहिरीचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी ते एकवार प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. मुलांचे दात डागाळण्याची वाट पाहू नये.